चार हिरव्या खुणा आणि अडलेला कंटेनर

द्राक्षांच्या पेटीवरच्या लेबलावर प्लॉट क्रमांक छापून आला ४२. यायला हवा होता ००४२. माणसाने वाचलं तर काहीच बिघडत नाही; शेतकरी म्हणेल, माझाच तर प्लॉट. पण कोल्ड स्टोअरच्या दारातल्या स्कॅनरला बारकोडमध्ये ठरलेले तेवढेच आकडे लागतात. दोन कमी पडले म्हणून त्याने पेटी नाकारली. मग दुसरी नाकारली, मग अख्खं पॅलेट. फेब्रुवारीतली रात्र, बाहेर न्हावा शेव्याला निघायचा कंटेनर उभा, आणि पिंपळगावच्या बाजूच्या त्या पॅकहाऊसमधून मला फोन : "मॅडम, तुमचं सॉफ्टवेअर द्राक्षं आत घेत नाहीये."

मी नाशिकमध्ये सॉफ्टवेअर टेस्टिंगचं काम करते. त्या पॅकहाऊसमध्ये आमचे चार प्रोग्रॅम चालतात : काट्यावर वजन नोंदवणारा, लेबल छापणारा, कोल्ड स्टोअरचा साठा सांभाळणारा आणि शेतकऱ्याच्या मोबाईलवरचं अ‍ॅप. काटा आणि अ‍ॅप आमच्या टीमचे. लेबल पुण्याची टीम बघते, साठा बंगळुरूची. त्या दिवशी दुपारी चारही प्रोग्रॅमच्या नव्या आवृत्त्या एकदम गेल्या होत्या. जाण्याआधी प्रत्येक टीमने आपापल्या टेस्ट चालवल्या होत्या आणि स्क्रीनवर चारही नावांपुढे हिरव्या खुणा होत्या. त्या खुणा खोट्या नव्हत्या, हे आधीच सांगते. कुणी कामचुकारपणा केला नव्हता. तरी रात्री नऊ वाजता द्राक्षं दारात उभी.

झालं असं. काट्याच्या प्रोग्रॅममध्ये आमच्याच एका सहकाऱ्याने साफसफाई केली. प्लॉट क्रमांक आधी मजकूर म्हणून साठवला जायचा, म्हणजे चार अक्षरं : शून्य, शून्य, चार, दोन. त्याने तो संख्या म्हणून साठवायला सुरुवात केली, कारण क्रमांक म्हणजे संख्याच की. आणि संख्येला पुढची शून्यं नसतात. आमच्या टेस्टने हे पकडायला हवं होतं, पण आमच्या टेस्टमध्ये लेबलचा खरा प्रोग्रॅम नव्हताच. त्याच्या जागी एक नकली प्रोग्रॅम बसवला होता, जो समोरून काहीही आलं तरी "मिळालं, ठीक आहे" एवढंच म्हणायचा. पुण्यातल्या टीमने उलटं केलं होतं : त्यांच्याकडे खरं लेबल आणि नकली काटा. त्यांच्या नमुना डेटातले प्लॉट सगळे १००१, १००२ असे. पुढे शून्य असलेला एकही नाही. थोडक्यात, दोघांनीही दुसऱ्याच्या सोंगाशी बोलून घेतलं होतं. खरी गाठ पडली ती पॅकहाऊसमध्ये.

"मग जुनी आवृत्ती परत टाका ना," असं तिथला मॅनेजर म्हणाला. साधा उपाय वाटतो. पण काट्याची जुनी आवृत्ती परत टाकली तर साठ्याचा नवा प्रोग्रॅम अडत होता, कारण त्याला आता काट्याकडून पेटीचा प्रकारही लागत होता, साडेचार किलोची की पाच किलोची. जुना काटा तो पाठवत नव्हता. साठा मागे न्यावा तर अ‍ॅप अडतं. चारही मागे न्यावेत तर दुपारपासून नव्या पद्धतीने झालेल्या नोंदी जुन्या प्रोग्रॅमला वाचता येईनात. पुढे जाता येत नाही, मागे फिरता येत नाही. शेवटी अकराच्या सुमारास लेबलच्या प्रोग्रॅममध्ये दोन ओळी घातल्या : आकडे चारपेक्षा कमी असतील तर पुढे शून्यं लाव. पेट्यांना नवी लेबलं चिकटवायला पोरांना पहाटेपर्यंत बसावं लागलं.

एकमेकांवर अवलंबून असलेले अनेक प्रोग्रॅम एकत्र बाहेर काढणं म्हणजे काय, आणि ते एकत्र तपासणं इतकं अवघड का, हे त्या रात्रीइतकं नीट मला कुठल्याच ट्रेनिंगमध्ये कळलं नव्हतं.

पार्ट ओके, असेंब्ली नॉट ओके

बाबा सातपूर एमआयडीसीतल्या एका कारखान्यात तपासणी खात्यात होते. दुसऱ्या दिवशी त्यांना ही गोष्ट सांगितली तर त्यांना जराही नवल वाटलं नाही. त्यांनी वर्तमानपत्राच्या कडेला चौकोन काढले.

"हे बघ. दहा मिलिमीटर जाडीच्या चार चकत्या. प्रत्येकीला सूट किती? शून्य पूर्णांक एक, अधिक किंवा उणे. म्हणजे १०.१ आली तरी पास, ९.९ आली तरी पास. आता या चार चकत्या ज्या खाचेत बसायच्या, ती खाच ४०.२ ची. चारही चकत्या १०.१ च्या आल्या तर?"

"४०.४."

"बसतील?"

"नाही."

"मग आता कुणाला रिजेक्ट करशील?"

कुणालाच करता येत नाही, यातच सगळी गोम आहे. प्रत्येक चकती ड्रॉइंगप्रमाणे आहे. चकत्यांचं गेज, म्हणजे मापात बसते का हे बघायचं साधन, चकती तपासतं, खाचेचं गेज खाच तपासतं. चार चकत्या एकत्र खाचेत जातात का हे तपासणारं गेज कुणी केलेलंच नसतं. म्हणून कारखान्यात ट्रायल असेंब्ली करतात. पहिल्या लॉटमधले पार्ट उचलायचे, टेबलावर जोडून बघायचे, मग पुढचा माल सोडायचा.

सॉफ्टवेअरमध्ये एकट्या तुकड्याच्या तपासणीला युनिट टेस्ट म्हणतात. दोन किंवा जास्त खरे तुकडे जोडून केलेल्या तपासणीला इंटिग्रेशन टेस्ट. आणि काट्यावर पेटी ठेवल्यापासून ती कोल्ड स्टोअरमध्ये जाईपर्यंतची पूर्ण वाट चालून बघणं म्हणजे एंड-टू-एंड टेस्ट, ज्याला आम्ही ऑफिसात सरळ रंगीत तालीम म्हणतो. नाटकवाल्यांना हा फरक आधीपासून माहीत आहे. प्रत्येकाचं पाठांतर चोख असतं, आणि तालमीत कळतं की दुसऱ्या अंकात नायिका ज्या दारातून बाहेर जाते ते दार सेटवर उघडतच नाही.

कारखान्याची उपमा एका जागी मात्र तोकडी पडते. चकती एकदा कापली की तशीच राहते. प्रोग्रॅम दर आठवड्याला बदलतो, आणि प्रत्येक टीम आपल्या वेळापत्रकाने बदलते. कालच्या ट्रायल असेंब्लीचा आजच्या मालाशी काहीच संबंध उरलेला नसतो.

तीन आकड्यांचा शब्द

प्रत्येक प्रोग्रॅमच्या आवृत्तीला आकडे असतात, २.४.१ असे. त्यामागे एक रूढ संकेत आहे. शेवटचा आकडा वाढला तर फक्त दुरुस्ती, मधला वाढला तर नवीन सोय आली पण जुनं सगळं चालेल, पहिला वाढला तर सांभाळा, जुनं काहीतरी तुटणार आहे. संकेत चांगला आहे. पण तो लिहिणाऱ्याचा शब्द आहे, पुरावा नव्हे. आमच्या सहकाऱ्याने साफसफाईसाठी शेवटचाच आकडा वाढवला होता, आणि त्याच्या दृष्टीने ते बरोबरच होतं. पुढची शून्यं टिकतील असं आम्ही कुठल्याही कागदावर कधी कबूल केलेलं नव्हतं. लेबलचा प्रोग्रॅम मात्र वर्षानुवर्षं त्यांच्यावर विसंबून होता. बाहेरून जे दिसतं त्यावर कुणी ना कुणी विसंबतंच, मग ते कागदावर असो की नसो.

म्हणजे कुठली आवृत्ती कुठल्या आवृत्तीबरोबर चालते हे प्रत्यक्ष जोडूनच बघावं लागतं. इथे आकडेमोड अंगावर येते. चार प्रोग्रॅम, आणि प्रत्येकाच्या तीन आवृत्त्या वापरात आहेत असं धरा. जुळण्या किती? तीन गुणिले तीन गुणिले तीन गुणिले तीन, म्हणजे ८१. पाचवा प्रोग्रॅम आला की २४३. एकेका जुळणीची पूर्ण तालीम अर्ध्या तासाची धरली तरी ८१ जुळण्यांना चाळीस तासांवर वेळ जातो.

यावर एक जुनी, सुंदर युक्ती आहे. बहुतेक भांडणं दोघांतच होतात. चौघं विशिष्ट पद्धतीने एकत्र आल्यावरच होणारं भांडण क्वचित. म्हणून सगळ्या ८१ जुळण्या तपासण्याऐवजी एवढंच बघायचं, की कुठल्याही दोन प्रोग्रॅमच्या कुठल्याही दोन आवृत्त्या निदान एकदा तरी समोरासमोर याव्यात. चार प्रोग्रॅम आणि तीन आवृत्त्यांसाठी ही अट अवघ्या ९ जुळण्यांत पूर्ण होते. कागदावर मांडून बघा, पटायला जरा वेळ लागतो पण होतं. आमची शून्यांची चूक काटा आणि लेबल या दोघांतलीच होती. नऊपैकी पहिल्याच काही जुळण्यांत सापडली असती, अर्थात नमुना डेटात ००४२ असता तर.

पण खरं सांगायचं तर नऊसुद्धा नेहमी लागत नाहीत. आधी विचारायचं, की प्रत्यक्षात कुठल्या जुळण्या अस्तित्वात येतील? पॅकहाऊसमधल्या कॉम्प्युटरवर कुठली आवृत्ती आहे हे आपल्या हातात असतं. शेतकऱ्याचा फोन आपल्या हातात नसतो. निफाडमधला एखादा बागायतदार अ‍ॅप आज अपडेट करेल, दुसरा हंगाम संपल्यावर, तिसरा फोन बदलेल तेव्हा. म्हणून "सगळे नवे" ही एक जुळणी आणि "सगळे नवे, पण अ‍ॅप जुनं" ही दुसरी, या दोन तपासल्याच पाहिजेत. शिवाय अपडेट चालू असताना मधला एक काळ असतो : काटा नवा झालाय, लेबलचा कॉम्प्युटर अजून रीस्टार्ट होतोय. दहा मिनिटांचा खेळ, पण काट्यावर पेट्या येत असतातच. ही मधली अवस्था जवळजवळ सगळे विसरतात, आणि माझ्या अनुभवात रात्रीचे फोन बरेचदा तिच्यामुळेच येतात.

सोंगाचा महाग धडा

नकली जोडीदाराशी केलेली टेस्ट किती फसवी असू शकते याचं मोठं उदाहरण अंतराळातलं आहे. ४ जून १९९६ रोजी युरोपचं एरियन ५ हे रॉकेट पहिल्याच उड्डाणात, सुमारे चाळीस सेकंदांत, हवेत नष्ट झालं. कारण बहुतेकांनी ऐकलेलं असतं : रॉकेटची दिशा आणि वेग मोजणाऱ्या यंत्रणेचं सॉफ्टवेअर आधीच्या एरियन ४ वरून तसंच उचललं होतं. त्यात ६४ बिटांची एक संख्या १६ बिटांच्या जागेत कोंबली जायची. त्या जागेत ३२,७६७ च्या वरची संख्या मावत नाही. एरियन ४ चा आडवा वेग कधी तेवढा वाढायचाच नाही, एरियन ५ चा वाढला. यंत्रणा बंद पडली. जोडीला ठेवलेली राखीव यंत्रणाही तेच सॉफ्टवेअर चालवत होती, तीही बंद पडली.

मला मात्र चौकशी अहवालातली दुसरीच गोष्ट जास्त बोचते. उड्डाणाआधी रॉकेटच्या नियंत्रण व्यवस्थेच्या तालमी जमिनीवर भरपूर झाल्या होत्या. पण त्या तालमींमध्ये ही मोजणारी यंत्रणा खरी नव्हती, तिच्या जागी तिची नक्कल चालवली होती. खरी यंत्रणा आधीच्या रॉकेटवर नीट चाललेली, स्वतंत्रपणे तपासलेली. मग पुन्हा कशाला जोडायची? एरियन ५ च्या उड्डाणाचे आकडे खऱ्या यंत्रणेला तालमीत एकदा जरी दिले असते तर चूक जमिनीवरच दिसली असती.

नकली जोडीदार वापरूच नयेत असं मी म्हणत नाही. ते जलद असतात, फुकट असतात, आणि रोज शंभर वेळा टेस्ट चालवायची तर तेच हवेत. पण नक्कल असलशी जुळते की नाही हे कुणीतरी वेळोवेळी बघायला हवं. यासाठी करार चाचणी नावाची पद्धत आहे. लेबलवाल्या टीमने लिहून द्यायचं, की आम्हाला काट्याकडून प्लॉट क्रमांक चार अक्षरांचा हवा, उदाहरणार्थ ००४२. हा कागद म्हणजे नुसतं पत्र नाही, तो आपोआप चालणारा टेस्ट असतो, आणि काट्याच्या प्रत्येक नव्या आवृत्तीवर तो काटेवाल्यांकडेच चालतो. म्हणजे मागणाऱ्याची अपेक्षा देणाऱ्याच्या दारात तपासली जाते. आमच्याकडे हे असतं तर साफसफाई करणाऱ्याला त्याच दुपारी लाल खूण दिसली असती, आणि मी त्या रात्री जेवले असते.

मोठी माणसं काय करतात

चार प्रोग्रॅमचं आमचं हे रडगाणं. जिथे शेकडो प्रोग्रॅम एकमेकांवर उभे आहेत तिथे काय होत असेल? ओपन सोर्सच्या, म्हणजे ज्याचं कोड कुणालाही वाचता येतं अशा सॉफ्टवेअरच्या जगात याची उत्तरं सगळ्यांना बघता येतील अशी उघड्यावर पडलेली आहेत, आणि ती वाचण्यासारखी आहेत.

इक्लिप्स हे प्रोग्रॅम लिहिण्याचं, प्रोग्रॅमरांच्या ओळखीचं साधन. त्याचे निरनिराळे भाग निरनिराळ्या टीम आपापल्या तारखांना काढायच्या, आणि ते सगळे एकत्र चालवणं ही वापरणाऱ्याची डोकेदुखी होती. २००६ च्या जूनमध्ये त्यांनी दहा प्रकल्प एकाच दिवशी बाहेर काढले आणि त्या संचाला कॅलिस्टो असं नाव दिलं. पुढच्या वर्षी, युरोपा नावाच्या संचात, एकवीस प्रकल्प होते. यात मला आवडलेली गोष्ट तारखेची नाही, तारखेआधीच्या उतरंडीची आहे. प्रत्येक टप्प्याला सगळ्यात खालचा पाया आधी आपली आवृत्ती ठेवतो. त्याच्यावर थेट उभे असलेले काही दिवसांनी, त्यांच्यावर उभे असलेले आणखी काही दिवसांनी. लग्नात पंगत बसवावी तसं. वरच्याला आपली जोडणी करायला खालचा पक्का झालेला मिळतो. एकाच दिवशी सगळ्यांनी सगळं आणून टाकायचं म्हटलं असतं तर कुणाच्याच पायाखाली जमीन राहिली नसती.

लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याचं वेगळं. तिथे २००८ पासून लिनक्स-नेक्स्ट नावाची एक शाखा चालते. पुढच्या आवृत्तीसाठी वेगवेगळ्या लोकांनी केलेले बदल कामाच्या दिवशी रोज एकत्र ओतायचे आणि हे मिश्रण तयार तरी होतं का ते बघायचं. भांडणं महिनाभर आधीच उघडी पडतात.

डेबियन या लिनक्सवर उभ्या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये एखाद्या पॅकेजची, म्हणजे त्यातल्या एका सॉफ्टवेअरची, नवी आवृत्ती आली की नुसत्या तिच्या टेस्ट चालत नाहीत. तिच्यावर जी पॅकेजं अवलंबून आहेत त्यांच्याही टेस्ट या नव्या आवृत्तीसह चालवल्या जातात. शेजाऱ्याचं काही मोडलं तर नवी आवृत्ती पुढे सरकत नाही. रस्ट या प्रोग्रॅमिंगच्या भाषेची मंडळी याच्याही पुढे जातात. कंपायलरमध्ये, म्हणजे लिहिलेल्या कोडचा चालणारा प्रोग्रॅम बनवणाऱ्या साधनात, जोखमीचा बदल करण्याआधी लोकांनी लिहिलेले रस्टचे हजारो प्रोग्रॅम जुन्या आणि नव्या कंपायलरने बांधून बघतात आणि निकाल ताडतात.

पण सगळ्यात डोकेबाज उत्तर ओपनस्टॅकचं आहे, आणि ते जरा थांबून समजून घेण्यासारखं आहे.

ओपनस्टॅक हे क्लाउड, म्हणजे इंटरनेटवरून वापरायला मिळणारे कॉम्प्युटर, उभा करण्याचं सॉफ्टवेअर, २०१० मध्ये रॅकस्पेस ही कंपनी आणि नासा यांनी मिळून सुरू केलेलं. कॉम्प्युट, नेटवर्क, डिस्क, ओळख तपासणं, प्रत्येकाचा वेगळा प्रकल्प, दर सहा महिन्यांनी सगळ्यांची एकत्र आवृत्ती. दिवसभरात ढिगाने बदल येतात. इथे एक सापळा आहे. समजा माझा बदल आणि तुमचा बदल, दोन्ही आजच्या कोडवर तपासले, दोन्ही पास. दोन्ही आत घेतले. पण माझा बदल तुमच्या बदलासह कुणीच तपासलेला नाही! एकामागून एक तपासावेत तर एका बदलाला तासभर लागतो आणि रांग संपतच नाही.

यासाठी त्यांनी झूल नावाचा द्वारपाल बनवला. तो असं करतो. रांगेत तीन बदल आहेत : क, ख, ग. क ची टेस्ट आजच्या कोडवर सुरू होते. त्याच क्षणी, क चा निकाल यायची वाट न बघता, ख ची टेस्ट सुरू होते, पण "क पास होऊन आत गेलाय" असं गृहीत धरून, म्हणजे आजचं कोड अधिक क अधिक ख यावर. ग ची टेस्ट क आणि ख दोन्ही धरून. तिन्ही एकाच वेळी चालतात. सगळे पास झाले तर तिघं एका तासात आत. क नापास झाला तर तो रांगेबाहेर, आणि ख, ग यांची टेस्ट क वगळून पुन्हा सुरू. बदल वेगवेगळ्या प्रकल्पांतले असले तरी रांग एकच असते. नेटवर्कमधला माझा बदल कॉम्प्युटमधल्या तुमच्या बदलावर टेकला असेल, तर मी वर्णनात तसं लिहायचं. तुमचा बदल आधी आत गेल्याशिवाय माझा जाणार नाही, आणि टेस्टमध्ये दोन्ही एकत्र असतील.

यातली शहाणीव साधी आहे : जे आत जाणार आहे नेमकं तेच तपासलं जातं, त्याच्यासारखं काहीतरी नव्हे. आपल्या एसटी स्टँडवर सीट धरायला खिडकीतून रुमाल टाकतात, तशी ख ने क च्या भरवशावर जागा धरलेली असते. क उतरला तर ख ची रांगेतली जागा जात नाही, पण त्याची टेस्ट पुन्हा पहिल्यापासून होते.

लांडगा आला रे

इंटिग्रेशन टेस्टचं एक दुखणं कुणी मोकळेपणाने बोलत नाही. त्या उगाच नापास होतात. नेटवर्क हळू होतं, प्रिंटर जागा झाला नव्हता, डेटाबेस दोन सेकंद उशिरा आला. समजा २०० टेस्ट आहेत आणि प्रत्येक टेस्ट हजारात एकदाच असं खोटं रडते. खूप चांगलं प्रमाण वाटतं ना? हिशोब करा : २०० च्या २०० टेस्ट न रडता पूर्ण व्हायची शक्यता साधारण ८२ टक्के. म्हणजे शंभरातल्या १८ वेळा लाल खूण दिसणार आणि त्यामागे काहीच नसणार. मग टीमला सवय लागते, लाल दिसलं की न वाचता "पुन्हा चालव". आणि एके दिवशी लाल खूण खरी असते.

म्हणून माझं मत, थोडं हट्टी मत, असं आहे : पाचशे इंटिग्रेशन टेस्टपेक्षा वीस बऱ्या. प्रत्येक जोडासाठी दोन-तीन, आणि त्या अशा की लाल झाल्या तर जेवणावरून उठून बघावंसं वाटलं पाहिजे. बारीकसारीक गोष्टी युनिट टेस्टवर सोडाव्यात. उगाच रडणारी टेस्ट दुरुस्त तरी करावी किंवा काढून तरी टाकावी, "माहितीये, ती असंच करते" म्हणून ठेवू नये.

डेटा मात्र खराखुरा हवा, आणि मुद्दाम वाईट हवा. आमच्या नमुना डेटात आता प्लॉट ००४२ आहे. नावात "ऱ्ह" असलेला शेतकरी आहे, कारण एका लेबल प्रिंटरच्या फॉन्टमध्ये ते अक्षर चौकोन बनून यायचं. मराठी अंकांत मोबाईल नंबर टाईप करणारे एक आजोबा आहेत. ज्या दिवशी पेटी पाच किलोची आणि लेबल साडेचारचं निघालं, ती पेटीसुद्धा आहे. प्रत्येक नोंदीमागे कधीतरी आलेला एक फोन आहे.

एकत्र जावंच का लागावं?

इतकं सगळं सांगून झाल्यावर एक उलटा प्रश्न विचारते. चारही प्रोग्रॅम एकाच दुपारी का न्यावे लागले? कारण नव्या साठ्याला नवा काटा लागत होता, आणि जुन्या काट्याबरोबर तो चालतच नव्हता. ही अट आम्हीच घातली होती. ती टाळता आली असती.

रीत अशी : आधी वाढवायचं, मग वळायचं, मग काढायचं. काट्याने पेटीचा प्रकार पाठवायला सुरुवात करावी, पण जुनं काहीही बदलू नये. त्याने कुणाचं अडत नाही, कारण अजून कुणी तो वाचतच नाही. काही दिवसांनी साठ्याने तो वाचायला लागावं, पण नसला तर पाच किलो धरून चालावं. सगळ्या पॅकहाऊसमध्ये नवा काटा पोचला याची खात्री झाली की मगच "नसला तर" ही पळवाट काढून टाकावी. तीन फेऱ्या होतात, पण कुठल्याही फेरीत चौघांना हात धरून उडी मारावी लागत नाही, आणि कुठल्याही फेरीत एकट्याला मागे फिरता येतं. कंटाळवाणं काम आहे. टीम लीडला विचारलं तर तो म्हणतो, "तीन वेळा कशाला, एकदाच करून टाकू." त्याला आता मी लेबलं चिकटवणाऱ्या पोरांचा फोटो दाखवते.

दुसरा बदल माणसांतला. काटा कुणाचा हे सगळ्यांना माहीत होतं, लेबल कुणाचं तेही. काटा आणि लेबल यांच्या मधला जोड कुणाचा, हे विचारल्यावर त्या रात्रीच्या कॉलवर तिन्ही टीम गप्प होत्या. आता दर रिलीजला, म्हणजे नव्या आवृत्त्या बाहेर काढताना, या जोडांसाठी आम्ही एका माणसाला नेमतो, आळीपाळीने. त्याच्याकडे एक फाईल असते : काट्याची कुठली आवृत्ती, लेबलची कुठली, साठ्याची, अ‍ॅपची. तालीम या चौकडीची होते, आणि पॅकहाऊसला जाते ती हीच चौकडी. तालमीनंतर कुणी "छोटासाच बदल आहे" म्हणून एक आकडा जरी वाढवला तरी तालीम पुन्हा. आणि त्या माणसाला "थांबा" म्हणायचा अधिकार आहे, मग तो टीममध्ये सगळ्यात नवा का असेना.

मागे फिरण्याचीही तालीम करतो. आधी पुढे जायचं, दहा खऱ्यासारख्या नोंदी करायच्या, मग जुन्या आवृत्तीवर परत यायचं आणि त्या दहा नोंदी वाचता येतात का बघायचं. पहिल्यांदा केलं तेव्हा दहातल्या सहाच आल्या.

ऑफिसच्या मागच्या खोलीत आता एक खरा काटा आहे, एक लेबल प्रिंटर, एक स्कॅनर आणि एक जुना, स्क्रीन तडकलेला फोन, ज्यावर अ‍ॅप मुद्दाम अपडेट करत नाही. द्राक्षं रोज कुठून आणायची, म्हणून क्रेटमध्ये तांदळाच्या पिशव्या ठेवतो. परवाच्या तालमीत वजन बरोबर आलं, ००४२ बरोबर आला, "ऱ्ह" नीट उमटला, स्कॅनरने पेटी आत घेतली. जुन्या फोनवर मात्र पेटीची तारीख एक दिवस मागची दिसत होती. बंगळुरूला कळवलंय. रिलीज सोमवारवर ढकललाय.